ऐंशी पौंडांचा पगार, दोन तासांचा पाठलाग आणि किंग्ज पोलीस मेडल

आमचे अण्णा हवालदार म्हणून रिटायर झाले, त्यामुळे माझं सगळं लहानपण पोलीस लाईनीत गेलं. लाईनीतल्या शेवटच्या खोलीत एक आजोबा राहायचे, त्यांचे वडील इंग्रजांच्या काळात पोलिसात होते आणि त्यांचं एक चांदीचं पदक आजोबांनी जपून ठेवलं होतं. वर्षातून एकदाच, दसऱ्याला, ते ट्रंकेतून बाहेर यायचं, पाटावर मांडलं जायचं, त्याला हळदकुंकू, आपट्याचं पान, आणि मग आम्हा पोरांना दोन मिनिटं हातात घ्यायला मिळायचं. एका बाजूला राजाचं तोंड. दुसऱ्या बाजूला तलवार घेतलेला माणूस, ढालीला टेकून उभा, मागे तटबंदीचं शहर, आणि ढालीवर बारीक इंग्रजी अक्षरं. सहावीत असताना मी ती पहिल्यांदा जुळवून वाचली, टू गार्ड माय पीपल. माझ्या प्रजेच्या रक्षणासाठी.

ते किंग्ज पोलीस मेडल होतं हे फार उशिरा कळलं. आणि ते मेडल सुरू होण्यामागे जी घटना होती ती वाचल्यापासून डोक्यातून जातच नाही, म्हणून आज ती पहिल्यापासून शेवटपर्यंत मांडतेय. घटना आपल्याकडची नाही, लंडनची आहे, पण त्यातून निघालेलं पदक पुढे चाळीस वर्षं आपल्याकडच्या पोलिसांच्या छातीवर लागत होतं, त्यामुळे ती आपलीही थोडी आहेच.

23 जानेवारी 1909, शनिवार. उत्तर लंडनमधलं टॉटनहॅम, तेव्हा कारखान्यांची आणि कामगारांची वस्ती. चेस्नट रोडच्या कोपऱ्यावर श्नुरमान यांची रबर फॅक्टरी होती आणि पोलीस स्टेशन अगदी समोरच म्हणावं इतकं जवळ. दर शनिवारी कारखान्याची मोटार हॅकनीच्या बँकेत जायची आणि कामगारांचा आठवड्याचा पगार घेऊन यायची. ड्रायव्हर जोसेफ विल्सन, आणि पिशवी सांभाळायला ऑफिसातला 17 वर्षांचा पोरगा, अल्बर्ट कीवर्थ. पिशवीत 80 पौंड. साडेदहाच्या सुमारास मोटार दारात थांबली, कीवर्थ पिशवी घेऊन उतरला आणि टपून बसलेले दोघं त्याच्यावर तुटून पडले.

हे दोघं म्हणजे पॉल हेलफेल्ड आणि जेकब लेपिडस. दोघंही लॅटव्हियातून आलेले, रशियाच्या झारच्या राजवटीविरुद्धच्या क्रांतिकारी गटांशी संबंध असलेले. हेलफेल्ड काही दिवस याच कारखान्यात कामाला होता, त्यामुळे पगाराची मोटार कधी येते हे त्याला पक्कं माहीत होतं. त्याने कामावर लागताना आडनाव सांगायलाच नकार दिला होता म्हणून हजेरीपुस्तकात त्याचं नाव चक्क 'एलिफंट' असं लावलेलं होतं. दोघांकडेही तेव्हाची नवीन सेल्फ-लोडिंग, म्हणजे पुढची गोळी आपोआप भरणारी, पिस्तुलं आणि काडतुसं मुबलक, आणि पुढचे दोन तास जे झालं ते का झालं याचं निम्मं उत्तर इथेच आहे, कारण त्या काळच्या साध्या शिपायाकडे काय असायचं तर एक दंडुका आणि एक शिट्टी.

ड्रायव्हर विल्सन भिडला, रस्त्याने जाणारा गॅसवर्क्समधला एक कामगार मध्ये पडला, झटापट झाली आणि गोळ्या सुटल्या. तो आवाज पोलीस स्टेशनात ऐकू आला आणि दोन शिपाई धावत बाहेर आले, विल्यम टायलर आणि न्यूमन. टायलर तिशीचा, आधी तोफखान्यात सैनिक होता, मग पोलिसात आलेला.

आता इथे जरा थांबते. स्टेशनात हत्यारं नव्हती असं नाही, होती, पण कपाटात कुलूपबंद, आणि किल्ली ज्याच्याकडे तो माणूस जागेवर नाही. शेवटी कपाट फोडून पिस्तुलं काढावी लागली. अण्णांना हे वाचून दाखवलं तेव्हा ते बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, "शंभर वर्षांत किल्लीचं काही बदललं नाही बघ." पण मुद्दा तो नाही, मुद्दा असा की कपाट फुटेपर्यंत टायलर आणि न्यूमन थांबले नाहीत. आवाज ऐकला आणि आहेत तसे, रिकाम्या हाताने, पळत सुटले. हा निर्णय दोन-तीन सेकंदांत झाला असणार, आणि या सगळ्या प्रकरणात मला सगळ्यात मोठा वाटतो तो हाच.

पुढचा पाठलाग वाचताना खरं वाटत नाही. न्यूमन विल्सनच्या मोटारीत चढला, मोटार थेट त्या दोघांच्या अंगावर घालायची असं ठरवलं, त्यांनी वळून मोटारीवरच फायरिंग केलं, काच फुटली, इंजिन निकामी झालं, न्यूमन आणि विल्सन थोडक्यात वाचले. त्याच वेळी मिचली रोडवर राल्फ जॉसलिन नावाचा 10 वर्षांचा मुलगा रस्त्यात होता, गोळीबार सुरू झाला तसा तो आडोशाला पळाला आणि एक गोळी त्याच्या छातीत लागली. दवाखान्यात पोचायच्या आधीच गेला.

दोघं तसेच पुढे पळाले. टायलर आणि न्यूमनने कचरा जाळायच्या भट्टीजवळच्या मोकळ्या जागेतून शॉर्टकट मारला, म्हणजे ते आडवे येऊन त्यांच्या समोर निघाले. टायलर आणि त्या दोघांमध्ये जेमतेम वीस यार्ड अंतर. पुढे बघता पिस्तूल रोखलेलं. टायलरने त्यांना हत्यार टाका, आता संपलं, अशा अर्थाचं काहीतरी सांगितलं आणि पुढे पाऊल टाकलं. हेलफेल्डने नीट नेम धरून गोळी झाडली. न्यूमनने पाठलाग सोडला, तो टायलरजवळ बसून राहिला, लोकांनी त्याला जवळच्या घरात नेलं, मग हॉस्पिटलला हलवलं आणि पोचल्यावर काही मिनिटांतच टायलर गेला.

मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला तुकाराम ओंबळे आठवले, आणि मला वाटतं कुठल्याही मराठी माणसाला तेच आठवतील. 26 नोव्हेंबर 2008 ची रात्र, गिरगाव चौपाटी, हातात लाठी आणि समोर एके-47, आणि त्यांनी रायफलची नळीच धरून ठेवली. दोन्ही प्रसंगांत शंभर वर्षांचं अंतर, देश वेगळा, कारण वेगळं, तुलना करायची म्हणून मी करत नाही. पण समोर बंदूक दिसतेय, आपल्या हातात काही नाही, आणि तरी माणूस अंतर वाढवायच्या ऐवजी कमी करतो, हे दोन्हीकडे सारखंच आहे. ओंबळे यांना मरणोत्तर अशोक चक्र मिळालं. टायलर गेला तेव्हा पोलिसांच्या शौर्यासाठी साम्राज्यभर लागू असेल असं खास पदकच नव्हतं.

तर पाठलाग. आता मागे नुसते पोलीस नव्हते. कारखान्यातले कामगार, मैदानावर फुटबॉल खेळणारी पोरं, ली नदीच्या दलदलीत बदकांच्या शिकारीला आलेले बंदूकवाले, सगळे मागे लागले. कोणी दगड मारतंय, कोणी छऱ्याची बंदूक झाडतंय. एक शिपाई पिस्तूल घेऊन रांगत जवळ गेला तर ऐन वेळी पिस्तूलच नादुरुस्त निघालं आणि त्याच्या पायात गोळ्या बसल्या. लोक पडत होते, जखमी होत होते, आणि तरी गर्दी पांगत नव्हती. आपण आज रस्त्यावर काही घडलं की मोबाईल काढतो, त्या दिवशी टॉटनहॅमचे लोक पळत होते.

चिंगफर्ड रोडला दोघांनी ट्राम पकडली. ड्रायव्हर आधीच वरच्या मजल्यावर जाऊन लपला होता, म्हणून त्यांनी कंडक्टर चार्ल्स वायट याच्या डोक्याला पिस्तूल लावून त्याला ट्राम चालवायला लावली. त्याने आयुष्यात ट्राम चालवलेली नव्हती. मागून पोलीस एका घोडागाडीतून, तर त्या दोघांनी घोड्यालाच गोळी घातली, गाडी उलटली. मग पोलिसांनी समोरून येणारी दुसरी ट्राम थांबवली आणि ती उलट्या दिशेने मागे लावली. ट्राममधल्या 63 वर्षांच्या एका म्हाताऱ्या पॅसेंजरला गोळी लागली. हा सगळा गोंधळ चालू असताना वायटने काय केलं तर त्यांना सांगितलं की पुढच्या वळणावर पोलीस स्टेशन आहे. दोघं घाबरले आणि उतरून पळाले. डोक्याला पिस्तूल लावलेलं असताना हे सुचणं, आणि सुचलेलं बोलून दाखवणं! माझ्या लेखी वायटही टायलरच्याच रांगेत बसतो, त्याने अंगावर वर्दी घातली होती ती ट्राम कंपनीची एवढाच काय तो फरक.

मग त्यांनी दूधवाल्याची गाडी पळवली, दूधवाल्याला गोळी घातली, ती गाडी वळणावर उलटली. मग भाजीवाल्याची गाडी. ही गाडी लेपिडसने हाकली पण ब्रेक सोडायचाच राहिला, एक चाक फिरतच नव्हतं, नुसतं घासत होतं, आणि घोडा बिचारा तसाच ओढत ओढत शेवटी दमून थांबला. दोघं पुन्हा पायी. चिंग नावाच्या ओढ्याकाठची अरुंद वाट, समोर सहा फुटांचं कुंपण. लेपिडस चढून पलीकडे गेला, हेलफेल्डच्या अंगात त्राण उरलं नव्हतं, त्याने साथीदाराला पुढे जायला सांगितलं आणि स्वतःवर गोळी झाडली. तो लगेच मेला नाही, हॉस्पिटलात 12 फेब्रुवारीला गेला, आणि गंमत नाही, दुर्दैव असं की ज्या हॉस्पिटलात टायलरला नेलं होतं त्याच हॉस्पिटलात.

लेपिडस हेल एंडला ओक कॉटेज नावाच्या एका छोट्या घरात घुसला. कोळशाचं काम करणाऱ्या एका माणसाचं घर, आत लहान मुलं. पोलिसांनी आधी मुलांना सुखरूप बाहेर काढलं, मग घराला वेढा पडला. इथे तीन शिपायांची नावं पुढे येतात, चार्ल्स ईगल्स, जॉन केटर आणि चार्ल्स डिक्सन.

ईगल्सने कोणाकडून तरी एक पिस्तूल मागून घेतलं, घराच्या मागे शिडी लावली आणि वरच्या खिडकीपर्यंत चढला. खिडकीतून त्याला लेपिडस दिसला, लेपिडसला तो दिसला. ईगल्सने चाप ओढला. काही झालं नाही. पुन्हा ओढला, तरी नाही. मागून घेतलेलं पिस्तूल, त्याचा सेफ्टी कॅच कसा चालतो हे त्याला माहीत नव्हतं. तो शिडीवरून सटकन खाली आला म्हणून वाचला.

आणि मग काय केलं त्याने? आपण असतो तर काय केलं असतं हे ज्याने त्याने आपापल्या मनाशी बघावं. मृत्यू दोन हातांवरून बघून आला होता, सकाळपासून धावत होता, तो म्हणाला असता की आता दुसरा कोणी जाऊ दे तर त्याला कोणीही नाव ठेवलं नसतं. तो केटर आणि डिक्सनबरोबर समोरच्या दाराने आत शिरला, अरुंद जिना चढला, वरच्या खोलीच्या बंद दारातून गोळ्या झाडत तिघं आत घुसले. लेपिडस शेवटच्या घटका मोजत होता. चौकशीत ठरलं की शेवटची गोळी त्याने स्वतःच स्वतःला मारून घेतली.

एकूण हिशेब असा. दोन तासांहून जास्त वेळ, सहा मैल, अंदाजे 400 गोळ्या, टायलर आणि राल्फ असे दोन बळी, वीसच्या वर जखमी. लेपिडसच्या अंगावर फक्त 5 पौंड सापडले. बाकीचा पगार कुठे गेला ते आजतागायत कळलेलं नाही.

29 जानेवारीला दोघांची अंत्ययात्रा एकत्र निघाली, टायलर आणि राल्फ, शिपाई आणि शाळकरी पोरगं. जवळपास 3000 पोलीस होते आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंना लाखो लोक. ॲबनी पार्कच्या दफनभूमीत दोघांना पुरलं. टायलरच्या बायकोसाठी लोकांनी 1055 पौंड जमवले पण मुद्दल तिच्या हातात दिलंच नाही, नुसतं व्याज मिळत राहिलं, आणि हे वाचून मला फार राग आला, शहीदाची बायको म्हणून मिरवणुकीत पुढे उभी करायची आणि पैसे मात्र तिला सांभाळता येणार नाहीत असं गृहीत धरायचं, हे आपल्याकडेही किती घरांत बघितलंय. राल्फच्या आईने मुलाच्या पायातले त्या दिवशीचे बूट जपून ठेवले. ती पुढे बरीच वर्षं जगली आणि ती गेली तेव्हा ते बूट तिच्याबरोबरच पुरले.

त्यानंतर पेपरांतून परदेशातून आलेल्या सगळ्याच गरीब लोकांवर आग पाखडली गेली, त्यात निरपराध भरडले गेले, तो एक वेगळाच विषय आहे.

ईगल्स, केटर आणि डिक्सन यांना परीक्षा न घेता सार्जंट केलं. आणि पोलिसांच्या शौर्याला मान देणारं काहीतरी हवं ही मागणी, जी आधीपासून अधूनमधून होत होती, तिला आता जोर आला. 7 जुलै 1909 ला राजा सातव्या एडवर्डने किंग्ज पोलीस मेडल सुरू केलं. सुरुवातीला ज्यांना ते मिळालं त्यात हे तिघं होते.

आता मला जे म्हणायचंय ते. पदक दिलं जातं ते शेवटच्या प्रसंगाला, जिना, बंद दार, गोळ्या. ते योग्यच आहे, त्या तिघांचं काही कमी करायचं नाही, ईगल्सचं तर मुळीच नाही. पण हे प्रकरण शेवटाकडून वाचलं तर तीन माणसं दिसतात आणि सुरुवातीकडून वाचलं तर पन्नास दिसतात. विल्सन ड्रायव्हर, गॅसवाला कामगार, मोटार अंगावर घालणारा आणि नंतर मित्राच्या उशाशी बसून राहिलेला न्यूमन, नादुरुस्त पिस्तूल घेऊन रांगत गेलेला तो शिपाई, वायट. त्यांनी दोन तास त्या दोघांना दम खाऊ दिला नाही म्हणून हेलफेल्डला कुंपण चढता आलं नाही आणि लेपिडसला त्या घरात कोंडता आलं. शौर्य असं साखळीसारखं असतं आणि पदक साखळीच्या शेवटच्या कडीला अडकवलं जातं.

आणि पदक आपल्याकडे कसं आलं तेही बघा. वर्षाला जास्तीत जास्त 120 पदकं द्यायची असं ठरलं, त्यातली 40 ब्रिटनला, 30 बाकीच्या वसाहतींना आणि 50 एकट्या हिंदुस्थानला. म्हणजे लंडनच्या एका घटनेतून निघालेल्या पदकाचा सगळ्यात मोठा वाटा इथे. का, ते त्या वर्षाकडे बघितलं की कळतं. 1 जुलै 1909 ला, म्हणजे पदक सुरू व्हायच्या सहा दिवस आधी, लंडनमध्येच मदनलाल धिंग्रांनी कर्झन वायली या इंग्रज अधिकाऱ्याला गोळ्या घातल्या. 21 डिसेंबरला आपल्या नाशकात विजयानंद थिएटरमध्ये अनंत कान्हेरेंनी कलेक्टर जॅक्सनला मारलं. अशा काळात राजाला हिंदुस्थानातला पोलीस आपल्या बाजूला घट्ट हवा होता. मग ढालीवरचं ते 'माय पीपल' वाचताना प्रश्न पडतोच, कोणाची प्रजा आणि कोणापासून रक्षण? दरोडेखोराशी एकटा भिडलेला शिपाई आणि स्वराज्य मागणाऱ्या पोरांना पकडणारा अधिकारी, दोघांच्या छातीवर तेच पदक. इतकंच काय, 1933 पर्यंत शौर्यासाठीचं आणि उत्तम सेवेसाठीचं पदक दिसायला सारखंच होतं, त्या वर्षी शौर्याच्या फितीत बारीक लाल रेघा आल्या आणि पदकावर तसे शब्द आले. त्याआधीचं पदक नुसतं बघून कोण पिस्तुलासमोर गेला आणि कोण वर्षानुवर्षं चोख काम करून रिटायर झाला, काही कळायचं नाही.

1932 मध्ये हिंदुस्थानसाठी वेगळं इंडियन पोलीस मेडल आलं, ते ब्राँझचं. आणि प्रजासत्ताक झाल्यावर 1951 मध्ये राष्ट्रपतींचं पोलीस पदक सुरू झालं, राजाचं तोंड गेलं.

आमच्या लाईनीतल्या आजोबांच्या पदकाची फीत गडद निळी होती, कडेला रुपेरी, मध्ये एक रुपेरी पट्टा, लाल रेघ नव्हती, म्हणजे ते 1933 च्या आधीचं किंवा उत्तम सेवेचं असणार हे आता मला कळतं. त्यांच्या वडिलांनी नेमकं काय केलं होतं हे आजोबांनाही माहीत नव्हतं. कोणी म्हणायचं दरोडेखोर पकडला, कोणी म्हणायचं पुरात माणसं वाचवली. पदकाच्या जाडीवर, कडेला, नाव आणि हुद्दा कोरलेला होता, इतका बारीक की डोळ्यांनी नीट दिसायचा नाही, म्हणून आजोबा आमचं बोट धरून त्या कडेवरून हळूहळू फिरवायचे आणि प्रत्येक अक्षराला थांबून मोठ्याने सांगायचे, हा माझा बाप.